शिंगांची नावे आणि शिंगांची निगा

“आखूडशिंगी, बहुदुधी” ही गाईची ख्याती महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाची आहे. जनावर पाहताना आपल्या पूर्वजांची दृष्टी प्रथम शिंगाकडे आणि मग कासेकडे जात असे, हे या दोन शब्दांवरूनच दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडच्या परिसरात ही दृष्टी आजही टिकून आहे. पंचगंगेच्या काठी, कृष्णेच्या संगमापासून जवळच वसलेल्या या गावाच्या आसपास उसाची गाडी ओढणारे खिल्लार बैल आहेत, आणि नरसोबाच्या वाडीच्या बासुंदी-पेढ्यांना दूध पुरविणाऱ्या म्हशी आहेत. गोठ्यात काय चालले आहे हे सांगताना येथील शेतकरी शिंगाचा उल्लेख हमखास करतो. या बोलीचा अर्थ गावपातळीवरील कार्यकर्त्याला नीट कळला, तर जनावराची ओळख पटविणे, रोग वेळीच हेरणे आणि फसवणूक टाळणे ही तिन्ही कामे सुलभ होतात. म्हणून शिंगांची नावे व शिंगांची निगा यांचा येथे एकत्र विचार केला आहे.

टोक, अणी, सुळका आणि शिंग

पुढे आलेल्या निमुळत्या भागाला मराठीत एकच शब्द नाही. वस्तूप्रमाणे शब्द बदलतो. काठीला टोक असते, भाल्याला अणी असते आणि तिच्यावरूनच ‘अणकुचीदार’ हा शब्द आला. पराणीला आर असते, विंचवाला नांगी असते, डोंगराला सुळका असतो, हत्तीला व रानडुकराला सुळे असतात, बाभळीला काटा असतो. या सर्वांत शिंग हा शब्द वेगळा उठून दिसतो. कारण तो एका अवयवाचे नाव असूनही इतर अनेक वस्तूंना लागू झाला आहे.

‘शिंग’ हा शब्द संस्कृत ‘शृंग’ या शब्दापासून आला. शृंग म्हणजे जनावराचे शिंग, आणि शृंग म्हणजे पर्वताचे शिखरही. नाशिक जिल्ह्यातील वणीच्या सप्तशृंगी गडाचे नाव या दुसऱ्या अर्थाचे उदाहरण होय. कुरुंदवाडपासून कर्नाटकाची हद्द जवळ असल्याने येथील पुष्कळ शेतकऱ्यांना कन्नडही येते. त्या भाषेतील ‘कोडु’ या शब्दाचेही शिंग आणि शिखर असे दोन्ही अर्थ आहेत. कन्नडमध्ये शिंगाला ‘कोंबु’ असाही शब्द आहे. उसाच्या डोळ्यातून वर येणाऱ्या कोंबाशी तो ऐकण्यास किती जवळचा आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. डोक्यातून उगवणारे शिंग आणि जमिनीतून उगवणारा अंकुर यांत शेतकऱ्याला साम्य दिसणे स्वाभाविकच आहे.

दूरच्या भाषांतही हीच गोष्ट आढळते. इंग्रजीतील ‘हॉर्न’, लॅटिनमधील ‘कॉर्नू’ आणि संस्कृतातील ‘शृंग’ हे एकाच प्राचीन कुळातील शब्द आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ग्रीक भाषेत शिंगाला ‘केरस’ म्हणतात. शिंग, खूर, नख व केस ज्या द्रव्याचे बनतात त्याला आज शास्त्रात ‘केराटिन’ म्हणतात, ते नाव या ग्रीक शब्दावरूनच ठेवले गेले. गेंड्याच्या इंग्रजी नावाचा मूळ ग्रीक अर्थ ‘नाकावर शिंग असलेला’ असा आहे.

शिंगांवरून पडलेली नावे

पाळीव जनावरांत शिंगांवरून नाव पडण्याची चाल सर्वत्र आहे. सिंध प्रांतातील कुंडी जातीच्या म्हशीला मासे धरण्याच्या गळासारख्या वळलेल्या शिंगांमुळे ते नाव मिळाले. हरियाणातील मुऱ्हा या नावाचा संबंधही तिच्या घट्ट वळलेल्या शिंगांशी जोडला जातो. आपल्याकडील पंढरपुरी म्हशीची शिंगे तलवारीसारखी लांब असून खांद्याच्या मागेपर्यंत जातात, आणि कधी कधी त्यांची लांबी एक मीटरहून अधिक भरते. शिंगांच्या ठेवणीप्रमाणे तिचे पोटप्रकार पशुपालक ‘भारकंड’, ‘टोकी’ अशा नावांनी ओळखतात. त्यांपैकी ‘टोकी’ या नावात टोक हा शब्द स्पष्टच दिसतो.

खिल्लाराचे नाव मात्र शिंगावरून पडलेले नाही; खिल्लार म्हणजे गुरांचा कळप. तरीही या जातीची खरी ओळख शिंगांतच आहे. कपाळाजवळून निघून प्रथम मागे, मग बाहेर व वर धनुष्यासारखी डौलदार वळणारी आणि टोकाशी बारीक होत जाणारी जोडी, ही चांगल्या खिल्लाराची खूण होय. सांगली जिल्ह्यातील खरसुंडीच्या किंवा बेळगाव जिल्ह्यातील चिंचलीच्या यात्रेत बैलजोडी पाहणारा शेतकरी दोन्ही बैलांची शिंगे सारखी आहेत की नाहीत, हे आधी पाहतो. शिंगे नसलेल्या जनावराला ‘भुंडे’ म्हणतात.

रानातील प्राण्यांत चौशिंगा व बारशिंगा ही नावे प्रसिद्ध आहेत. चौशिंग्याच्या नराला चार शिंगे असतात; पुढची जोडी आखूड व मागची लांब. माद्यांना शिंगे नसतात. महाराष्ट्राच्या जंगलांत हा प्राणी आढळतो. बारशिंगा मात्र आपल्या राज्यात नसून मध्य प्रदेशातील कान्हा, उत्तर प्रदेशातील दुधवा आणि आसाम येथे आहे.

या दोन नावांत शिंग हा एकच शब्द असला, तरी वस्तू दोन आहेत. गाय, म्हैस, शेळी, काळवीट व चौशिंगा यांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेले केराटिनचे टोपण होय. ते जन्मभर वाढते व गळत नाही. सांबर, चितळ व बारशिंगा यांच्या नरांची फाटे असलेली शिंगे निव्वळ हाडाची असतात; ती गळून पडतात व पुन्हा नवी येतात. रानात पडलेले असे सांबरशिंग कोणी मारून मिळविलेले नसते, म्हणून ते घरी आणण्यास हरकत नाही, असा समज खेड्यांत आहे. तो चुकीचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे असे शिंग बाळगणे गुन्हा ठरतो. असे शिंग आढळल्यास वनखात्याला कळवावे.

नदीतही शिंगाची नावे आहेत. कृष्णेच्या खोऱ्यात सापडणाऱ्या शिंगाळा माशाच्या पाठीवरच्या व छातीजवळच्या परांना ताठ, टणक काटे असतात. दख्खनमधील माशांचा अभ्यास करणारे सायक्स यांनी १८३९ साली या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी स्थानिक लोकांच्या तोंडचे ‘शिंगाळा’ हेच नाव लॅटिन धाटणीत ‘सींघाला’ असे घातले. आमच्या कोळ्यांनी दिलेले नाव अशा रीतीने जगभरच्या ग्रंथांत गेले. शिंगी हा मासा याहून वेगळा आहे. त्याच्या छातीजवळच्या काट्याला विष असते. तो टोचल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी, म्हणजे वेदना कमी होतात, आणि नंतर वैद्यकीय उपचार घ्यावेत.

शेतकऱ्याच्या शत्रूंतही एक शिंगवाला आहे. नारळाच्या शेंड्यात भोक पाडणाऱ्या काळ्या भुंग्याच्या डोक्यावर एक शिंग असते, म्हणून त्याला गेंड्या भुंगा म्हणतात. त्याच्या अळ्या उकिरड्यात व कुजलेल्या शेणखतात वाढतात. परसात नारळ असेल तर उकिरडा वेळोवेळी उलथून अळ्या वेचाव्यात व नष्ट कराव्यात.

फसविणारी नावे

शिंग हा शब्द कानी पडला की तेथे शिंग असेलच असे नाही. घोड्याच्या पिलाला शिंगरू म्हणतात, पण घोड्याला शिंग नसते. सातारा जिल्ह्यातील शिखर शिंगणापूर हे डोंगरावर वसलेले असले, तरी त्याचे नाव परंपरेने यादव राजा सिंघण याच्याशी जोडले जाते. हरिण हा शब्दही शिंगावरून नव्हे, तर अंगाच्या पिवळसर रंगावरून आलेला आहे.

वनस्पतींच्या बाबतीत हा घोटाळा अधिक महत्त्वाचा ठरतो. शिंगाड्याच्या फळाला दोन शिंगे असतात, तेथे नाव सार्थ आहे. मेंढ्याच्या शिंगासारख्या वाकड्या शेंगांमुळे माळरानावरच्या एका वृक्षाला मेढशिंगी म्हणतात. पण जवळजवळ त्याच नावाने ओळखला जाणारा गुडमारचा वेल अगदी निराळा आहे, आणि संस्कृतात त्यालाच मेषशृंगी म्हणतात. काकडशिंगी म्हणून बाजारात मिळणारी वस्तू तर फळही नाही व शेंगही नाही; एका वृक्षाच्या पानांवर माव्यासारख्या किडीमुळे आलेल्या त्या शिंगाच्या आकाराच्या गाठी होत. तेव्हा केवळ नावावर विसंबून झाडपाल्याचे औषध माणसाला किंवा जनावराला देऊ नये.

आल्याला संस्कृतात शृंगवेर म्हणतात. हा शब्द पालीतून ग्रीक व लॅटिनमध्ये गेला, आणि आल्याचे शास्त्रीय नाव ‘झिंजिबर’ हे त्यातूनच आले. आल्याच्या कंदाला शिंगासारखे फाटे असतात म्हणून हे नाव पडले, असे वरवर वाटते. परंतु मूळ शब्द दक्षिणेकडील द्राविड भाषांतील असून त्याला संस्कृत वळण नंतर दिले गेले, असे अनेक विद्वानांचे मत आहे.

शिंग हा जिवंत अवयव आहे

शिंग कापले तरी जनावराला कळत नाही, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. बाहेरचे टोपण निर्जीव आहे हे खरे. पण त्याच्या आत रक्तवाहिन्यांनी व मज्जातंतूंनी भरलेला थर असतो, आणि त्याच्याही आत हाडाचा गाभा असतो. वासरू सहा-आठ महिन्यांचे झाल्यावर हा गाभा हळूहळू पोकळ होऊ लागतो, आणि त्या पोकळीचा संबंध कपाळातील व नाकाजवळील पोकळ्यांशी येतो. शिंग मोडले की कधी नाकातून रक्त येते, त्याचे कारण हेच होय. म्हणून मोडलेल्या शिंगात तेल, औषध किंवा पाणी ओतू नये. स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवावे, जखमेवर माश्या बसू देऊ नयेत, आणि पशुवैद्यकास बोलवावे.

गाईच्या शिंगावर वितांबरोबर वलये उमटतात. वलये मोजून त्यांत दोन मिळविले असता वयाचा अंदाज येतो. परंतु हा अंदाजच होय. चाऱ्याची टंचाई किंवा आजारपण यांनी वलये कमी-अधिक होतात. शिवाय काही व्यापारी शिंगे साळून वलये घालवितात आणि म्हातारे जनावर तरुण म्हणून विकतात. यासाठी शिंग पाहिल्यावर तोंड उघडून दातही पाहावेत. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेले, हा क्रम शिंगाच्या वलयांपेक्षा अधिक भरवशाचा आहे.

शिंगाचा कर्करोग

ज्या आजारामुळे शिंगाची भाषा जाणणे अत्यंत जरुरीचे ठरते, तो आजार म्हणजे शिंगाचा कर्करोग. भारतात हा रोग बैलांत विशेष आढळतो. बहुधा पाच ते दहा वर्षांच्या, म्हणजे ऐन कामाच्या वयातील बैलांना तो होतो. लांब शिंगांच्या जातींत त्याचे प्रमाण अधिक असते. गाई व म्हशींत तो क्वचित दिसतो. शिंगाच्या मुळाशी सतत होणारे घर्षण व इजा, शिंगे साळणे आणि उन्हाचा मारा ही त्याला पोषक कारणे मानली जातात.

रोगाची सुरुवात आतल्या पोकळीच्या अस्तरातून होते. म्हणून प्रथम बाहेर काहीच दिसत नाही. बैल मध्येच मान झटकतो, एकाच बाजूला डोके कलते धरतो, तेच शिंग खांबावर किंवा गव्हाणीवर घासतो. त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येऊ लागतो. शिंगाचे मूळ हाताला गरम व मऊ लागते. निरोगी शिंगावर टिचकी मारली असता पोकळ आवाज येतो. रोगट शिंगाचा आवाज बद्द येतो. पुढे शिंग हलू लागते, वाकते, त्याला दुर्गंधी येते, अळ्या पडतात, आणि अखेर शिंग गळून तेथे फुलकोबीसारखी गाठ वाढते.

“बैल मान झटकतो आहे” आणि “शिंग हालतंय” या दोन तक्रारींत बहुधा काही महिन्यांचे अंतर असते, आणि बैलाचे भवितव्य त्याच अंतरात ठरते. पहिल्या तक्रारीच्या वेळी पशुवैद्यकाकडे नेलेल्या बैलाचे शिंग भूल देऊन मुळापासून काढता येते, जोडीला औषधाची सुई देता येते, आणि असे पुष्कळ बैल पुन्हा कामास लागतात. दुसऱ्या तक्रारीपर्यंत थांबल्यास रोग कपाळाच्या हाडापर्यंत पोहोचलेला असू शकतो. शिंग गेल्याने जोडीचे रूप बिघडेल, या भीतीने पुष्कळ शेतकरी दिरंगाई करतात. त्यांना समजावून सांगावयाचे ते इतकेच की, एक शिंग गेलेला बैल गाडी ओढतो. मेलेला बैल ओढीत नाही. ऊसतोडणीच्या हंगामात जोडीतील एक बैल बसला, तर त्या कुटुंबाची सबंध हंगामाची कमाई बुडते.

बेंदूर आणि शिंगे

शिरोळ तालुक्याच्या या भागात ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास कर्नाटकी बेंदूर आणि आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर साजरा होतो. बैलांना न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, बेगड लावतात, टोकांना पितळी शेंब्या चढवितात, गोंडे बांधतात. वर्षभर राबणाऱ्या प्राण्याविषयीची ही कृतज्ञता स्तुत्य आहे. तथापि काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. शिंगे तासून किंवा साळून गुळगुळीत करू नयेत. कोमट पाणी व नारळाची किशी यांनी घासून धुतली असता ती पुरेशी स्वच्छ होतात. पुढे खोबरेल किंवा करडईच्या तेलाचा हात फिरवावा.

२. लाकडाला व लोखंडाला लावावयाचे तैलरंग शिंगांना लावू नयेत. त्यांपैकी काहींत शिशासारखे विषारी घटक असतात. हिंगूळ हा पाऱ्याचा असल्याने तोही टाळावा. बैल एकमेकांची शिंगे व अंग चाटतात, हे विसरू नये. गेरू व हळद तेलात कालवून लावणे उत्तम.

३. शेंब्या सैल बसणाऱ्या असाव्यात. खिळा ठोकून बसवू नयेत. सण झाला की त्या काढून ठेवाव्यात.

४. शिंगांच्या मुळाशी नायलॉनची दोरी आवळून बांधू नये. सुती किंवा अंबाडीची दोरी वापरावी, आणि खाली वळ उठला आहे का ते पाहावे.

५. मिरवणुकीत किंवा कामावर पराणीची आर वापरू नये. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांनी टोकदार काठीस बंदी आहे.

वासरांची शिंगे

संकरित गाईंच्या गोठ्यात शिंगांमुळे एकमेकींना व माणसांना इजा होते. कासेला जखम झाली तर दूधच जाते. अशा वासरांची शिंगकळी लहानपणीच काढून घ्यावी. दोन-तीन आठवड्यांच्या वयापर्यंत कळी कवटीच्या हाडाला चिकटलेली नसते, त्यामुळे हे काम सोपे असते. मात्र ते पशुवैद्यकाकडून, जागा बधिर करूनच करवून घ्यावे. घरी सळई तापवून डागणे हे क्रूरपणाचे आहे, आणि त्यात डोळ्यास इजा होण्याचा धोका असतो. खिल्लार व पंढरपुरी यांच्या शिंगकळ्या काढू नयेत; शिंगे हे त्या जातींचे लक्षण आहे व बाजारातील मोलही त्यावर ठरते. त्याऐवजी गव्हाणीत दोन जनावरांमध्ये अंतर वाढवावे.

शिंगाचे वर्णन लिहून ठेवावे

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षीच्या महापुरांत कुरुंदवाड, नरसोबाची वाडी व आसपासच्या गावांना पाण्याने वेढले. गुरे घाईने उंचावर न्यावी लागली. अशा वेळी अनेक गोठ्यांतील जनावरे एकत्र येतात, आणि पाणी ओसरल्यावर कोणती म्हैस कोणाची, असा प्रश्न पडतो. कानातील बारा अंकी बिल्ला ही आज अधिकृत ओळख आहे, आणि तो प्रत्येक जनावराला असलाच पाहिजे. परंतु झटापटीत कान फाटून बिल्ला पडू शकतो. शिंगांची ठेवण मात्र बदलत नाही.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक पशुपालकाकडून एक लहानशी नोंद करवून घ्यावी. तीत बिल्ल्याचा क्रमांक, जात, रंग व वय यांबरोबर शिंगांचे वर्णन असावे: लांबी किती विती, वळण मागे की बाहेर की वर, दोन्ही शिंगे सारखी की कमी-जास्त, टोक शाबूत की मोडलेले. “शिंगे लांब” एवढे लिहून भागत नाही. पंढरपुरी म्हशींच्या गावात ते सर्वांनाच लागू पडते. “डावे टोक बोटभर मोडलेले, उजवे खांद्यामागे वळलेले” असे लिहिले तर ती नोंद उपयोगी पडते. समोरून व बाजूने एक-एक छायाचित्र काढून ठेवल्यास अधिक चांगले. विमा व नुकसानभरपाईच्या कामीही अशी नोंद साह्यभूत होते. पाणी चढू लागताच गुरांची दावी व शिंगदोऱ्या सोडाव्यात, हेही प्रत्येक घरी सांगून ठेवावे. बांधलेले जनावर पोहू शकत नाही.

शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली शिंगांची नावे पिढ्यान् पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली आहेत. कार्यकर्त्यांनी ती गोठ्यात उभे राहून ऐकावीत व आपल्या वहीत जशीच्या तशी उतरून घ्यावीत. शेतकरी बंधूंनीही आठवड्यातून एकदा, बैल धुतेवेळी, दोन्ही शिंगांच्या मुळांवरून हात फिरवावा आणि टिचकी मारून आवाज ऐकावा. या कामास खर्च काहीच नाही व वेळही फारसा लागत नाही. एका शिंगाचा आवाज दुसऱ्यापेक्षा निराळा आला, तर त्याच दिवशी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.